गल्लीतला साधा परमिट रूम: बरा कसा ओळखायचा?

भुसावळ_लोको:
जळगाव-भुसावळकडे रंगीत दिवे आणि मोठ्या स्पीकरवाले एसी बार वाढले. तरी सनमायकाची टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एकच वेटर असलेले गल्लीतले जुने परमिट रूम संध्याकाळी भरलेलेच. स्वस्ताईशिवाय काय कारण असावं? आणि अनोळखी गावात असा एखादा निवडायचा तर आत गेल्यावर काय बघायचं?

तापीकाठ:
स्वस्ताई दुसऱ्या नंबरवर, भो. आधी हे की तिथं सीलबंद क्वार्टरच टेबलावर येते. पेगनं मागवलं की माप काउंटरमागे पडतं. 60 ऐवजी 50 मिली आली तरी बर्फ-सोड्यात कळत नाही. क्वार्टर 180 मिलीची, म्हणजे 60 चे सरळ तीन. झाकण तुमच्यासमोर फिरवायला सांगा. कडकड आवाज होऊन खालची रिंग सुटी झाली नाही, किंवा वरचं एक्साइजचं लेबल उचकटलेलं दिसलं, तर बाटली परत.

मग बर्फ. निळसर दिसला तर तो खायचा नाहीच; अखाद्य बर्फात निळा रंग टाकण्याचा नियम राज्यात 2018 पासून आहे. पांढरा म्हणजे चांगला असंही नाही. पोत्यातली लादी फरशीवर फोडत असतील तर बर्फ नको म्हणा, गार सोडा मागवा, तोही समोर उघडलेला. ग्लासात ओतल्यावर बुडबुडे लगेच विरले तर सोडा उतरलेला.

बिअर पिणार असाल तर गर्दीचा बार निवडा, तिथं माल फिरतो. हिरव्या बाटल्यांचे क्रेट दारात उन्हात ठेवलेले दिसले तर बिअर मागवूच नका. उजेडानं हॉप्समधला (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घटक बिघडतो आणि कुबट वास येतो. तपकिरी बाटली त्यामानानं टिकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला गेला की बाटल्या घाईनं फ्रीजरमध्ये कोंबतात. अर्धवट गोठलेली उघडली की पाव बाटली फेस होऊन टेबलावर! आणि ग्लासाला शेंगदाण्याचं तेल लागलं असेल तर फेस बसतो, त्यात बिअरचा दोष नाही.

कळण्याची_भाकर:
चखण्यावरून किचन कळतं. मसाला पापड कांदा-टोमॅटो वर घालून आला तर पाच मिनिटांत मऊ पडतो. कांदा वेगळा मागवा. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-करडी कडा दिसली तर अंडं जास्त उकडलंय. अशा ठिकाणी भुर्जी बरी, ती ताजीच करावी लागते.

जेवणात शेवभाजी, पण एका अटीवर: काळ्या मसाल्याचा रस्सा उकळता यावा आणि जाड शेव वेगळ्या ताटलीत. आधीच घातलेली शेव टेबलापर्यंत येईतो लगदा होते. शेव वेगळी देणारा आचारी जाणता, बाकीचंही बिनधास्त मागवा. हिवाळ्यात भरीत मिळालं तर बाकी मेन्यू बघूच नका. रिकाम्या पोटी मात्र बसू नका, आधी काहीतरी खा.

सातपुडा_पायथा:
भावाचं आधी विचारा. परमिट रूममध्ये एमआरपीपेक्षा जास्त लागतंच, शिवाय नोव्हेंबर 2023 पासून व्हॅट 5 चा 10 टक्के झाला. 2025 मध्ये ड्युटी वाढल्यावर विदेशी दारूची क्वार्टर किमान 205 रुपयांवर गेली आणि देशीची 80 वर. म्हणून ‘व्हॅट धरून की सोडून’ एवढं बसतानाच विचारलं की बिलावरून वाद होत नाही.

बिअरला वय 21, व्हिस्की-रमला 25. पिण्याचा एक दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी 5 रुपयांत.

हायवेच्या ढाब्यावर ‘बसा की, कोण बघतंय’ म्हणतात, तिथं बसू नका. लायसन नसलेल्या जागी धाड पडली तर मालकासोबत पिणाऱ्यावरही दारूबंदी कायद्यानं गुन्हा होतो. हातभट्टीला तर हातच लावू नका. तिच्यात मेथॅनॉल हे विषारी अल्कोहोल असू शकतं; ते वासावरून ओळखता येत नाही आणि डोळे घालवतं.

नवापूरला जात असाल तर शनिवार-रविवार टाळा, गुजरातेतून प्यायला येणाऱ्यांची गर्दी असते. सीमा इतकी जवळ की रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. उरलेली बाटली पिशवीत घालून पलीकडे नेऊ नका, तिकडे दारूबंदी आहे.

भुसावळ_लोको:
आणि एकट्या माणसानं कुठं बसावं?

तापीकाठ:
सातच्या आत जा, भिंतीकडचं दोघांचं टेबल धरा. एका क्वार्टरवर दोन तास बसलात तरी चांगल्या जागी वेटर ‘अजून काय?’ म्हणून येत नाही; हात वर केला तरच येतो. गिऱ्हाईक परत येतं ते यासाठीच. दर दहा मिनिटांनी टेबल पुसायला आला तर समजा, त्याला खुर्ची रिकामी हवी आहे.