मार खाऊनच शिकतो?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) वरच्या क्रमांकावर घेतलेल्या नवख्या क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे पास फेकून खेळ चालवणाऱ्या खेळाडूबद्दल, काही जण म्हणतात, "एवढी वरची निवड खर्च केलीय, तर पोराला पहिल्याच सामन्यापासून उतरवा, मार खाऊनच शिकेल" हे मला नाही पटत. डेव्हिड कार आठवा. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा कोरा नवा संघ, पहिल्याच क्रमांकावर त्याला घेतलं आणि त्याला वाचवणारी पुढची लाइन म्हणजे चाळण. त्या एका मोसमात ७६ सॅक, म्हणजे पास फेकण्याआधीच ७६ वेळा आडवा पाडला! असं आपटून घेतल्यावर नजर पास झेलायला लांब धावणाऱ्या रिसीव्हरवर ठरत नाही, अंगावर येणाऱ्या माणसाकडे जाते. चेंडू हातात येताच पाय पळायला लागतात. ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही.

उलट कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये दहावा, वर्षभर अनुभवी क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या मागे बाकावर, खेळला तो फक्त शेवटचा सामना. पुढच्या मोसमात ५० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे). (बाकावर बसवला की प्रत्येक जण महोम्स होतो असं नाही म्हणा; अँडी रीडसारखा प्रशिक्षक सगळ्यांच्या नशिबी कुठे!)

आणि सॅम डार्नल्ड? न्यूयॉर्क जेट्सने २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतला, तीन मोसमांनी कॅरोलिना संघाला देऊन टाकला. २०२४ मध्ये त्याच्यासोबत मिनेसोटाने १४ सामने जिंकले. त्याआधीचं वर्ष त्याने सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॉक पर्डीच्या मागे बसून काढलं होतं, हेही बघा.