मदत हवी आहे: बीआरएसआरचे (कंपनीच्या जबाबदारी व शाश्वतता अहवालाचे) आकडे केआरएत (कर्मचाऱ्याच्या कामाच्या ठरवलेल्या उद्दिष्टांत) कसे आणायचे?

ऑफिस अंधेरीत, कारखाना तळोज्याला. कंपनी बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांत, म्हणून 2022-23 पासून सेबीचा बीआरएसआर बंधनकारक. प्रशिक्षण, दर दहा लाख मनुष्यतासांमागे अपघात, एकूण वेतनात महिलांचा वाटा हे आकडे एचआरच देतं, पण अप्रेझलमध्ये त्यांचा मागमूस नाही.

प्लांट मॅनेजरांच्या केआरएत अपघातांचा दर घालून पाहिला, तर किरकोळ अपघातांची नोंदच घटली. हे फार खुपतं, कारण झळ कंत्राटी कामगारांना बसते. त्याऐवजी थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद आणि त्यावरची कारवाई मोजावी असं वाटतं. नवं सॉफ्टवेअर मिळणार नाही, एक्सेलवरच भागवायचंय.

व्हेरिएबल पेमध्ये (कामगिरीनुसार बदलणाऱ्या पगारात) अशा मापांना तुम्ही किती टक्के वजन देता? आणि कंत्राटी कामगारांचे आकडे कोणाच्या केआरएत धरता, प्लांटच्या की एचआरच्या?