मदत हवी आहे: दवाखान्यात बीपी १५२, घरी १२८. टेन्शनचंच आहे का?

निवांत_नाही
डॉक्टरांकडे १५२/९६ आलं. घरच्या मशीनवर सकाळी १२८, रात्री कधी १४६. ईसीजी नॉर्मल. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, छातीत धडधडतं, परत डोळा लागत नाही. डॉक्टर म्हणाले टेन्शन कमी करा, आठ दिवसांनी दाखवा. कमी करा म्हणजे नेमकं काय करा? अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे, तो काय बंद करू? गोळी लागेल का नाही तेवढं सांगा. प्राणायाम सांगू नका.

होटगीरोडकर
वय? घरात कुणाला बीपी? मशीन दंडाचं का मनगटाचं? तंबाखू? दुसरी कुठली औषधं? हे कळल्याशिवाय गोळीचं कुणी सांगू नये, सांगितलं तरी ऐकू नका.

निवांत_नाही
४३. दंडाचं. चहा सगळे पितात तेवढाच.

कडक_भाकरी
अश्वगंधा सुरू करा. रात्री दुधातून. झोप लागणार म्हणजे लागणार.

होटगीरोडकर
धडधड होणाऱ्या माणसाला थायरॉईड न तपासता अश्वगंधा? तिने थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं, क्वचित लिव्हरलाही त्रास होतो. आधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन करा. दोन्हींच्या गडबडीत अशीच धडधड होते आणि टेन्शनच्या नावावर खपून जाते.

आडवा_उभा
आधी मोजायचं कसं ते बघा, निम्मा घोळ तिथंच असतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, जिना नाही. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. मोबाईलसुद्धा नाही. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळ-संध्याकाळ असं सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरची सरासरी १३५/८५ च्या आत आणि दवाखान्यात १४० च्या वर, तर तो दवाखान्याचा धसका असू शकतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्टा आकडा फुगवतो. आणि १४६ दिसलं म्हणून लगेच परत दाबत बसू नका, धास्तीनं तो अजून वर जातो.

चादरवाला
टॉवेल होलसेलमध्ये देता का? व्यनि (खाजगी निरोप) करा.

निवांत_नाही
@चादरवाला इथं काय चाललंय आणि तुमचं काय!
@आडवा_उभा रात्री गोदामातून वर आलो की लगेच मोजतो. तंबाखू आहे थोडी. कंबरेसाठी दुखण्याची गोळी रोज एक, मेडिकलवाल्याने दिलेली.

होटगीरोडकर
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं, रोज घेतल्या तर किडनीवरही ताण. डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर आठ दिवस कशाला थांबता, उद्याच फोन करा.

कडक_भाकरी
लोणचं, पापड, शेंगाचटणीतलं मीठही बघा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत.

सावकाश
नको म्हणालात तरी श्वासाचं लिहितोच. कपालभाती नकोच. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा श्वास, दहा मिनिटं. लोक चुकतात ते मोठमोठे श्वास घेऊन. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणसाला वाटतं अटॅकच आला. श्वास लहान, सुटणारा लांब.

आडवा_उभा
श्वासाने धडधड उतरेल, थकलेली उधारी उतरणार नाही. संध्याकाळी सातला वीस मिनिटं वही घेऊन बसा. डावीकडे काळजी, उजवीकडे पुढची एकच कृती: "सुताचं पेमेंट थकलं" – "मंगळवारी दलालाला फोन". ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही त्यावर काट मारा. पहाटे तीच काळजी आली तर ती वहीत आहे, पुरे. वीसेक मिनिटांत झोप येत नसेल तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत. तळमळत पडून राहिलं की डोकं अंथरूण आणि काळजीची सांगड घालून बसतं. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, झोप कितीही झालेली असो.

सावकाश
पण तीनलाच का जाग येते? रात्रीच्या उत्तरार्धात झोप तशीही उथळ असते आणि कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, चढायला लागलेलं असतं. त्यात आवाजबिवाज काही?

निवांत_नाही
पाणी अडीचला येतं ना आमच्याकडे. उठून नळ सोडावा लागतो. नसलं पाणी तरी जाग येतेच आता.

होटगीरोडकर
घ्या! हौदात बॉल कॉक बसवा, नळ झोपायच्या आधीच उघडा ठेवा. हौद भरला की आपोआप बंद. वर चढवायची मोटर सकाळी.

कडक_भाकरी
दाब कमी असेल तर बॉल कॉकमधून धार येत नाही. आमच्या पेठेत...

आडवा_उभा
@कडक_भाकरी पाण्याचा वेगळा धागा काढा.
@निवांत_नाही छातीवर दाब, दरदरून घाम, कळ हातात किंवा जबड्यात गेली तर मोजत बसू नका, १०८. आणि मन मोकळं करायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास.

निवांत_नाही
गोळीचं डॉक्टरांना विचारतो. आकडे आले की इथं टाकू का?

होटगीरोडकर
डॉक्टरांना दाखवा. मशीनही बरोबर न्या, त्यांच्याशी एकदा ताडून घ्या.