नॉर्वेजियन हुद्द्यांचे जोडशब्द : मधला 'एस' कधी येतो, जोर कुठे द्यायचा?

सिद्धेश्वर_पेठ : सोलापुरात आम्हा परिचारिकांचा गट नॉर्वेजियन शिकतोय. 'आव्देलिंग्सलेदर' (विभागप्रमुख) मध्ये 'एस' घुसतो, 'तानलेगे' (दंतवैद्य) मध्ये नाही. कशावरून ठरतं? आणि बोलताना जोर कुठे?

शब्दवेल्हाळ : ताई, शब्द शेवटाकडून सोडवा. 'लेदर' म्हणजे प्रमुख, कशाचा ते आधीचा भाग सांगतो. लिंग आणि अनेकवचनही शेवटच्या घटकाचंच.

'एस'साठी पहिल्या घटकाचं शेपूट बघा. इंग, हेत, स्काप, शून असं काही असेल तर 'एस' जवळजवळ हमखास. आव्देलिंग + स + लेदर. रॅइन्स्काप (हिशेब) + स + फोरर = हिशेबनीस. 'तान' (दात), 'रोर' (नळ) अशा आखूड शब्दांना बहुतेकदा थेट जोड : तानलेगे, रोरलेगर (प्लंबर). काहींत मध्ये 'ए' येतो, बार्न + ए + हागे (बालवाडी), पुढे 'लॅरर' लावला की बालवाडी शिक्षक. आखूड शब्दांना पक्का नियम नाही, 'बूकमोल्सऊर्दबोका' हा शब्दकोश नेटवर फुकट आहे, त्यात बघूनच लिहा.

मागावरचा_धागा : शब्द तोडू नका, ही आपली सर्वात मोठी चूक. आपण 'विडी कामगार' दोन शब्दांत लिहितो, तिकडे तो एकच शब्द झाला असता. 'सीकेप्लॅयर' म्हणजे परिचारिका. तोडून 'सीके प्लॅयर' लिहिलंत तर वाचणारा 'आजारी माणसं सहसा...' असं वाचतो आणि पुढच्या क्रियापदाची वाट बघत राहतो. अर्जात हे फार खटकतं.

आणखी एक : 'बुस्स' आणि 'शोफोर' (चालक) जोडताना तीन 'एस' एकापुढे एक येतात, पण लिहायचे दोनच.

कानसेन : मुख्य जोर पहिल्या घटकावर, दुसऱ्यावर हलका. तानलेगे. आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला दोन वेगळे शब्द वाटतात. आधी पहिल्या घटकावर टाळी देत म्हणा. सुरांचे (शब्दात आवाज चढण्या-उतरण्याचे) दोन प्रकार नंतर शिकलात तरी चालेल, ते प्रदेशागणिक बदलतात.

ऑस्लोकडच्या बोलीत 'र' नंतर 'न' आला की दोन्ही मिळून 'ण' होतो, 'ल' आला की 'ळ' च्या जवळचा आवाज. म्हणून 'बाणेहागेलॅरर', 'रोळेगर'. मराठी, कन्नड, तेलुगू कानांवर घेऊन वाढलेल्या सोलापूरकराला हे आवाज आयतेच मिळालेत! अवघड आहे ते 'सीके' मधलं 'सी' : जीभ 'ई' ला ठेवून ओठ 'ऊ' सारखे गोल करा. 'फोरर' मधला 'ओ' ही खरा 'ओ' नाही, जीभ 'ए' ला, ओठ गोल.

सिद्धेश्वर_पेठ : जुन्या पुस्तकात 'हेल्सेसोस्तर' (आरोग्य परिचारिका) आहे. तेच म्हणायचं?

शब्दवेल्हाळ : नको. 'सोस्तर' म्हणजे बहीण, आपल्या दवाखान्यातल्या 'सिस्टर' सारखंच. 2019 पासून अधिकृत हुद्दा 'हेल्सेसीकेप्लॅयर'. मात्र सुईणीचा 'यूरमूर' तसाच राहिला. त्यातल्या 'मूर' चा अर्थ आई, पण काम पुरुष करत असला तरी हुद्दा हाच. लिहिताना त्यात 'डी' असतो, तो उच्चारू नका.