गोरामोरा चेहरा: तुमच्याकडे असा कोणता शब्द होता?

चारचौघांत फजिती झाली की माणसाचा जो चेहरा होतो, त्याला आजी ‘गोरामोरा’ म्हणायची. सहा-सात वर्षांचा असताना मी पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभा राहिलो आणि तिसऱ्या ओळीला अडलो. एक काका मोठ्याने हसले. माझे कान तापले, ओठ मिटले, नजर पायाच्या अंगठ्यावर. आजी आतून म्हणाली, “पुरे करा आता, पोर गोरंमोरं झालंय.” हसणं तिथेच थांबलं. ‘खजील’ किंवा ‘ओशाळलेला’ म्हटलं की आपल्या हातून काही चुकलंय हे आधी मनात येतं. गोरामोरा नुसता चेहरा दाखवतो, रंग उडालेला, कुठे बघावं ते न कळणारा. हल्ली हा शब्द फारसा कानावर पडत नाही आणि मला त्याची फार आठवण येते. तुमच्याकडचा शब्द सांगा, कोणाच्या तोंडून आणि कधी ऐकलात तेही.

*

फुरंगटणं! रुसलेलं माणूस उठून निघूनही जातं. फुरंगटलेलं मात्र गाल फुगवून, पाठ फिरवून तिथेच बसतं, कारण कुणीतरी येऊन समजूत काढावी असं त्याला मनातून वाटत असतं. माझी धाकटी बहीण अशीच बसायची आणि आई म्हणायची, “फुरंगटलीय ती, जा जवळ.” रुसलीय म्हणाली असती तर मी गेले नसते.

*

माझा शब्द ‘कसनुसं’. भावाची नोकरी गेली तेव्हा व्हिडिओ कॉलवर तो हसून “बरंय रे सगळं” म्हणाला. ओठांची टोकं वर गेली, डोळे होते तसेच राहिले. बायको शेजारून हळूच म्हणाली, “कसनुसं हसले भावजी.” मी त्याच रात्री त्याच्याकडे निघालो. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली हेच नोंदवलं होतं: तोंडाची टोकं वर ओढणारा स्नायू मनात आणलं की हलवता येतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच हलतो. हे मी फार नंतर वाचलं. बायकोला ते एका शब्दात दिसलं होतं.

*

हिरमुसणं. वर्गात एखाद्याने हात वर केलेला असतो आणि मी दुसऱ्यालाच विचारते. तो हात खाली येताना चेहरा जो होतो, तो हिरमुसलेला. ‘नाराज’ फार मोठ्या माणसांचा शब्द आहे, पोरांना तो बसत नाही.

*

एक विचारायचं होतं. तान्हं बाळ रडायच्या आधी खालचा ओठ पुढे आणतं, हनुवटी थरथरते, आवाज अजून फुटलेला नसतो. त्याला काही शब्द आहे का?

*

आहे की. आमच्याकडे म्हणतात, “ओठ काढला बघ, घे पटकन.”