मदत हवी आहे : बंद दगडखाणीत ‘इनर्ट’ डेब्रिज भरायला द्यावं का? परवानग्या नेमक्या कुणाच्या लागतात?

बांधावरचा_नाशिककर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज विचारायची वेळ आली.

आमची जमीन विल्होळीच्या पलीकडे, आग्रा रोडपासून दीडेक किलोमीटर आत. दीड एकर द्राक्ष, थोडा टोमॅटो, आणि दोन एकरांत बंद पडलेली दगडखाण. २०१३ साली काकांनी पाच वर्षांच्या कराराने ती एका खडी-क्रशरवाल्याला दिली होती. २०१८ ला मुदत संपली. तो दगड घेऊन गेला आणि चाळीस फुटांचा खड्डा आमच्याकडे ठेवून गेला. तेव्हापासून गुरं पडू नयेत म्हणून काट्या लावणं एवढाच त्या जमिनीचा उद्योग.

आता सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते रुंद होताहेत, जुनी बांधकामं पडताहेत, त्यामुळे डेब्रिज टाकायला जागा शोधणारे लोक गावोगाव फिरताहेत. एक ठेकेदार काकांकडे आला. खड्डा भरून देतो, वर दर खेपेला पैसे देतो आणि सपाट झाला की प्लॉट पाडा म्हणतो. माल ‘इनर्ट’ आहे, म्हणजे माती, विटा, काँक्रीट, त्यामुळे फक्त ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागतो, बाकी काही नाही, असं त्याचं म्हणणं. काका स्टँप पेपर आणायला निघाले होते, मी आठ दिवस मागून घेतलेत.

माझे प्रश्न :
१) ग्रामपंचायतीचा दाखला खरंच पुरतो का?
२) जागा योग्य आहे की नाही हे कसं ठरवतात?
३) उद्या काही झालं तर जबाबदार कोण, तो की आम्ही?

आमची विहीर खाणीपासून साडेचारशे फुटांवर आहे. वस्तीवरची सात घरं तिचंच पाणी पितात. आई म्हणते, आधी विहिरीचं बघ, मग पैशाचं.

---

सातपूरचा_म्हातारा

आई बरोबर बोलतात. बाकी धागा वाचायची गरज नाही :)

गंमत सोडा. खाणीत आत्ता पाणी आहे का? मे महिना चालू आहे. पाणी असेल तर किती, आणि ते पावसाचं साचलेलं आहे की कडेच्या भेगांतून पाझरतंय, हे बघून सांगा. बाकीचे कागद त्यानंतर.

---

खडीवाला

एवढं घाबरायचं काही नाही भाऊ. विटा-काँक्रीटने कुणाचं पाणी नासलंय? अख्खं नाशिक भरावावरच उभं आहे. फक्त करारात लिहून घ्या की ओला कचरा, प्लास्टिक येणार नाही. आणि दर ब्रासवर (म्हणजे १०० घनफुटांवर) घ्या, खेपेवर नको. खेपेवर घेतलं की हायवा (मोठा डंपर) अर्धा रिकामा येतो की भरून येतो, तुम्हाला कळत नाही.

---

बांधावरचा_नाशिककर

@सातपूरचा_म्हातारा, काल संध्याकाळी जाऊन आलो. दोरीला दगड बांधून मोजलं, आठ फूट पाणी आहे. पूर्वेच्या भिंतीत लालसर पट्टा दिसतो, त्याच्या वरून ओल पाझरते. २०१८ पासून कधी कोरडी पाहिली नाही. दुष्काळात गावातले लोक इथून मोटारीने पाणी उचलायचे.

---

सातपूरचा_म्हातारा

मग उत्तर अर्धं मिळालं.

मी पर्यावरण सल्लागाराकडे वीस वर्षं नोकरी केली, जागा बघणं हेच काम होतं. आपल्याकडचा खडक म्हणजे थरावर थर बसलेला बेसाल्ट. वर मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा बेसाल्ट), मग काळा पाषाण, आणि मधे कुठे कुठे गेरूसारखा तो लाल पट्टा. पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी चालतं भेगांतून, मांजऱ्यातून आणि दोन थरांच्या सांध्यातून. त्यात तुमच्याकडे पाच वर्षं सुरुंग लागलेत, म्हणजे होत्या त्या भेगाही मोकळ्या झाल्या. मे महिन्यात आठ फूट पाणी आणि भिंतीतून पाझर याचा अर्थ खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेलाय. तो खड्डा म्हणजे दोन एकराची उघडी विहीरच. तुमची साडेचारशे फुटांवरची विहीर तिची शेजारीण, आणि खालून दोघींचं पाणी एक असण्याची दाट शक्यता.

आता आकडे. राडारोड्याचे २०१६ चे नियम होते, त्यांची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या नियमांनी घेतली. २०१६ च्या नियमांत जागेबद्दल ‘वस्ती, जंगल, पाणवठे, स्मारकं यांपासून लांब’ अशी भाषा होती, मीटरमध्ये अंतर नव्हतं. म्हणून मी नेहमी २०१६ च्या घनकचरा नियमांच्या पहिल्या परिशिष्टातले आकडे मोजपट्टी म्हणून लावत आलो : नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, महामार्ग, वस्ती आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर. शंभर वर्षांच्या पूररेषेत नको. तळाशी ९० सेंटीमीटर चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटरचा प्लास्टिकचा जाड पडदा, आणि भूजलाची सगळ्यात वरची पातळी त्या मातीच्या तळापासून किमान २ मीटर खाली.

तुमची विहीर साडेचारशे फूट, म्हणजे १३७ मीटर. पाण्याची पातळी २ मीटर खाली असायला हवी, ती तळाच्या आठ फूट वर आहे. दोन्ही कसोट्यांवर जागा नापास. माल कितीही स्वच्छ असो, मी असल्या खाणीवर सही केली नसती.

---

खडीवाला

काका, पण ते परिशिष्ट घरगुती कचऱ्याच्या भरावासाठी आहे. इनर्टला तेच लावायचं म्हणजे ढेकणासाठी बंदूक.

---

सातपूरचा_म्हातारा

मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच ‘मोजपट्टी म्हणून’ म्हटलं. युरोपात १९९९ पासून घातक, बिनघातक आणि निष्क्रिय असे भरावाचे तीन वेगळे वर्ग आहेत आणि निष्क्रियाला अटी सैल आहेत. पण तिथेही तळाला एक मीटर जाडीचा नैसर्गिक अडसर लागतो. तिथेही पाण्यात थेट ओतू देत नाहीत.

आणि निष्क्रिय कशाला म्हणायचं ते तर बघा. जुनी इमारत पाडली की निघतं काय? काँक्रीट, वीट, हो. पण सोबत पीओपीचं छत, रंगाचे डबे, डांबरी वॉटरप्रूफिंग, लाकूड, वायर, कधी सिमेंटचे जुने पत्रे, ज्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ताज्या काँक्रीटचा चुरा पाण्यात राहिला की सामू (पीएच) ११ च्या वर जाऊ शकतो, पिण्याच्या पाण्याची मर्यादा साडेसहा ते साडेआठ. पीओपी म्हणजे जिप्सम. ते विरघळून सल्फेट वाढतं, आणि लाकूड-कागदासोबत हवाबंद पाण्यात सडलं की कुजक्या अंड्याचा वास येतो. ‘इनर्ट’ हा शब्द चलनावर लिहायला सोपा. हायव्याच्या तळाशी काय आहे ते ताडपत्री उघडल्यावरच कळतं.

---

वालदेवीकाठची

खडीवाला भाऊ, आमच्याकडे नाल्याच्या कडेला असंच ‘फक्त माती’ म्हणून सुरू झालं होतं. पहिला महिना खरंच माती आली. मग रात्रीच्या खेपा सुरू झाल्या. कुणाच्या तरी हॉलचे थर्माकोलचे कमान-खांब आम्ही बाहेर काढलेत. पहिल्या पावसात नाला तुंबला आणि पाणी आमच्या मक्यात.

धागाकर्त्याला : हिशेब केलात का? दोन एकर म्हणजे ८७,१२० चौरस फूट, गुणिले चाळीस फूट. पस्तीस हजार ब्रासच्या आसपास येतं. पाच ब्रासचा हायवा धरला तर सात हजार खेपा. तुमच्या शिवारातल्या रस्त्यावरून. ऑक्टोबर छाटणीनंतर घड यायच्या वेळेला ती धूळ बागेवर बसली तर व्यापारी काय भाव करेल, ते काकांना विचारा. मला वाटतं विहिरीपेक्षा हे त्यांना लवकर पटेल.

---

बांधावरचा_नाशिककर

ताई, सात हजारचा आकडा ऐकून काका पहिल्यांदा गप्प झाले. आभार.

ठेकेदाराने आज एक ‘जागेचा अहवाल’ पाठवला, चार पानी. त्यात लिहिलंय की तळाच्या मुरमाचा झिरप्याचा वेग ‘१० चा उणे सातवा घात’ आहे, त्यामुळे पडद्याची गरज नाही. हा आकडा सातपूरच्या काकांनी सांगितलेल्या नियमातलाच आहे का?

---

सातपूरचा_म्हातारा

एकक काय लिहिलंय? सेंटीमीटर प्रति सेकंद की मीटर प्रति सेकंद?

---

बांधावरचा_नाशिककर

लिहिलेलंच नाही. नुसता घात.

---

सातपूरचा_म्हातारा

हेच पाहायचं होतं. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांतला आकडा सेंटीमीटर प्रति सेकंदाचा होता. युरोपातला निष्क्रिय भरावाचा आकडा तसाच उणे सातवा घात, पण मीटर प्रति सेकंदाचा. दोघांत शंभर पटींचा फरक. आपल्या ९० सेंटीमीटर चिकणमातीची अट ही त्यांच्या बिनघातक कचऱ्याच्या अटीच्या जवळ जाते, निष्क्रियाच्या नाही. एकक न लिहिणारा अहवाल कुठल्याही बाजूला वाकतो.

शिवाय मुरमात इतका मंद झिरपा? मुरमातून पाणी कसं जातं ते विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा. चाचणी कुठे केली, किती खड्डे घेतले, कोणत्या महिन्यात, हे अहवालात आहे का? आणि मुख्य म्हणजे तुमच्या खाणीच्या तळाशी मुरूम उरलाय कुठे, मुरूम तर वर असतो. तळाशी आहे फुटलेला पाषाण. तो माणूस खाणीत उतरलाच नसावा.

---

कागदपत्रवाली

परवानग्यांवर कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी तहसीलच्या कामात असते, पर्यावरणात नाही, तेव्हा खडकाबद्दल काही विचारू नका.

ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही. तो लागेलही, पण तो शेवटचा कागद नव्हे. कचरा टाकण्याची जागा म्हणून खाण चालवायची तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्या : जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ खाली, आधी उभारणीची, मग चालवण्याची. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय त्र्यंबक रोडला उद्योग भवनात आहे. नियोजन प्राधिकरण कोण आहे ते गावानुसार बघा, शहराच्या हद्दीबाहेर बऱ्याच ठिकाणी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण येतं. सातबारावर खाणीच्या काळातल्या काय नोंदी आहेत तेही तलाठ्याकडून काढा.

एक गोष्ट कुणीच विचारली नाही. खाण २०१३ ची आहे. फेब्रुवारी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली होती. म्हणजे खाण घेतलेल्या त्या खडी-क्रशरवाल्याकडे तशी मंजुरी असायला हवी होती आणि तिच्यात खाण बंद करताना काय करायचं, कुंपण, भराव की पाणीसाठा, याच्या अटी असू शकतात. जिल्हा खनिकर्म कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अट तेव्हाच मोडली गेली असेल तर तुमच्या खड्ड्याची गोष्टच वेगळी होते.

प्रश्न ३ : सातबारा तुमच्या नावावर, खड्डा तुमच्या जमिनीत, तर पहिली नोटीस तुमच्या दारात येते. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड आता १० हजार ते १५ लाखांपर्यंत आहे. त्याशिवाय साफसफाईचा खर्च वेगळा. ठेकेदार खेपा संपल्या की निघून जातो.

ज्यांचा राडारोडा आहे तेही मोकळे नाहीत. २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांवर राडारोडा काढणाऱ्याला वर्गीकरण करून स्थानिक संस्थेकडे आराखडा द्यावा लागायचा. नव्या नियमांत २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांवर आणखी जबाबदारी आली आहे. ठेकेदाराला विचारा, माल कुठल्या कामावरचा, त्याचा आराखडा दाखव. चेहरा बघा.

---

खडीवाला

मी खेपांचा बाजार बघतो म्हणून सरळ बोललो, मागे घेतो. पण एक सांगतो, तो काँक्रीटचा माल खड्ड्यात घालणंच मूर्खपणा आहे. आयएस ३८३ (काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक) मध्ये २०१६ पासून पुनर्वापराची खडी चालते : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम २५ ताकदीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत. क्रशरवर दळला तर तो माल आहे, खाणीत घातला तर कचरा. आमच्या धंद्यातले कमी लोक करतात, कारण वेगळं करायला मजूर लागतात आणि खाणीची जागा फुकट मिळते. तुमच्यासारखी.

---

सातपूरचा_म्हातारा

प्लॉटचं राहिलं. काकांना ते सगळ्यात गोड वाटत असणार. घनकचऱ्याच्या भरावाबद्दल २०१६ चा नियम असा होता की बंद केल्यावर पंधरा वर्षं देखरेख, मग वायू आणि झिरपणाऱ्या पाण्याची तपासणी चांगली आली तरच वस्तीचा विचार. निष्क्रिय भरावाला इतकं कडक नाही लावलं तरी चाळीस फूट सैल भराव वर्षानुवर्षं खचत राहतो, तोही सगळीकडे सारखा नाही. थर पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून भरला तर गोष्ट वेगळी. कडेवरून हायवा उलटा करून सोडला तर त्यावर घर बांधू नये, फार तर गोठा.

आणि गांधीनगरचं लष्करी हेलिकॉप्टरचं मैदान तुमच्यापासून किती लांब ते नकाशावर मोजून ठेवा. २०१६ च्या घनकचरा नियमांतली विमानतळापासून २० किलोमीटरची अट पक्ष्यांसाठी होती. विटांवर घारी येत नाहीत, पण रात्रीच्या खेपेत हॉटेलचा कचरा आला की येतात.

---

बांधावरचा_नाशिककर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काका, आई आणि मी हा धागा मोठ्याने वाचला. काकांनी ‘ढेकणासाठी बंदूक’ला दाद दिली, पण स्टँप पेपर कपाटात गेला.

ठरलं ते असं : खनिकर्म कार्यालयात अर्ज उद्याच टाकतोय. विहिरीचं आणि खाणीचं पाणी एकाच दिवशी घेऊन तपासायला देणार. सामू, टीडीएस (विरघळलेले क्षार), सल्फेट, क्लोराईड एवढं पुरेल ना? काही भरलं नाही तरी आजचे आकडे हातात राहतील, कारण शेजारच्या गटातल्या खाणवाल्याकडेही तोच ठेकेदार जाऊन आलाय. त्यांच्याकडे त्याने अगदी तीच चार पानं दिलीत. नुसता गट नंबर बदललेला.

आता खाणीचं काय करायचं हा प्रश्न उरला. आई म्हणते कुंपण घालून पाणी तसंच ठेवू, बागेला उन्हाळ्यात लागतं. खाणीचं पाणी ठिबकसाठी वापरणारं कुणी इथे आहे का? फिल्टर लवकर चोंदतो का?

---

वालदेवीकाठची

आम्ही वापरतो. शेवाळाचा त्रास होतो, वाळूचा फिल्टर लावा आणि फुटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाइपचं पाण्यातलं तोंड) तळापासून चार-पाच फूट वर ठेवा. सल्फेटसोबत एकूण कठीणपणाही तपासून घ्या, त्यावरून ड्रिपर चोंदतील का ते कळेल.