चौथीच्या मुलांना धर्मांची तुलना कशी शिकवावी? माझा एक रकाना चुकला

चौथीच्या बाई, नाशिकरोड:
परिसर अभ्यासाच्या तासाला मी जगातल्या धर्मांचा तक्ता करायला दिला. रकाने चार: देव, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण. एका मुलीने 'बौद्ध'च्या पुढे देवाच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. शेजारचा मुलगा म्हणाला, "म्हणजे तुमचा धर्म अर्धाच?" तिने ते कागद फाटेपर्यंत खोडलं आणि खाली बारीक अक्षरात 'बुद्ध' लिहिलं.

तिचं पहिलं उत्तर बरोबर होतं. मी आपल्या घरातला रकाना सगळ्यांना लावला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. तुलना सोडून द्यावी असं वाटत नाही, कारण मधल्या सुट्टीत डब्यांवरून मुलं ती करतातच. पण नऊ वर्षांच्या मुलांकडून ती करून घ्यायची कशी? शिवाय एका पालकांनी विचारलंय, शाळेत धर्म शिकवणं चालतं का?

कायद्याची विद्यार्थिनी, गंगापूर रोड:
पालकांना संविधानाचं कलम २८ दाखवा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण उपासना शिकवणं वेगळं आणि धर्मांची माहिती देणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केला आहे.

निवृत्त गुरुजी, सिन्नर:
बाई, देवापासून सुरुवातच करू नका, कॅलेंडरपासून करा. मी तीन वर्षांची जुनी कॅलेंडरं वर्गात पसरायचो आणि मुलांना सण शोधायला लावायचो. नाताळ २५ डिसेंबरवरून हलत नाही. रमजान ईद २०२४ साली ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. मग दिवाळी का नाही अशी मागे मागे सरकत पावसाळ्यात जात? इथे अधिक महिना येतो. चंद्राचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. आपण दोन-तीन वर्षांनी एक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतो, इस्लामी कालगणनेत तो घालत नाहीत. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आला, म्हणून २०२५ ला ऑक्टोबरात असलेली दिवाळी नोव्हेंबरात गेली. मुलं बोटांवर मोजत बसतात. कोणाचा धर्म मोठा, हे त्या तासाला कोणी विचारत नाही.

एक आई, जुनं नाशिक:
एक विनंती. मुलाला उभं करून "तुमच्यात काय करतात, सांग" असं विचारू नका. माझ्या मुलाला वजूबद्दल, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याबद्दल, असंच विचारलं होतं. तो रोज अब्बांच्या शेजारी बसून हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुतो, डोक्यावरून ओला हात फिरवतो, पाय धुतो. वर्गात मात्र त्याला क्रम आठवेना. घरी येऊन म्हणाला, "अम्मी, मी सगळ्यांचं नाव घालवलं." आठ वर्षांचं लेकरू, त्याच्यावर एवढं ओझं कशाला?

चौथीच्या बाई, नाशिकरोड:
ताई, तुमचं वाचून पोटात कालवलं. मीही त्या मुलीला विचारणारच होते, आता नाही विचारणार. पुढच्या शनिवारी सगळ्यांना पांडवलेण्यांवर, म्हणजे नाशिकच्या जुन्या बौद्ध लेण्यांवर, नेतेय. अठरा नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, मूर्तीच्या जागी स्तूप आहे, तो सगळे मिळूनच बघू. नव्या तक्त्यात 'देव' नाही. 'आत जाण्याआधी काय करतात?' आणि 'समोर काय असतं?' असे दोनच रकाने ठेवलेत. गुरुजी, कॅलेंडरं माझ्याकडे दोनच वर्षांची आहेत, २०२४ चं कोणाकडे असेल तर कळवा.